सगुण चितारी आणि इरोक्वांचं कुंपण

एका गावात एक भोळा चितारी राहायचा. गाव तळकोकणातलं, नाव आडवण. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करणारा आणि रंगवणारा. त्याचं नाव सगुण. हात असा, की त्याने लाकडाचा आंबा करून खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळत ठेवला तर कावळा चोच मारून बघायचा आणि चोच दुखावून जायचा.

फक्त एक होतं. सगुणला जे सांगाल ते तो करायचा. तेवढंच करायचा आणि तसंच करायचा.

गावात खेळण्यांचे जेवढे कारखाने होते तेवढ्यांतून तो काम करून परत आला होता. एका मालकाने त्याला सांगितलं, बैलाचे डोळे मोठे काढ. मग म्हणाला, अजून मोठे. मग जेवायला गेला. थांब म्हणायचं राहून गेलं. मालक जेवून आला तेव्हा बैलाला तोंड उरलं नव्हतं, पाठीवरसुद्धा डोळाच होता. दुसऱ्या मालकाने सांगितलं, रंग सुकेपर्यंत कशाला हात लावू नकोस. हवा दमट होती, रंग काही सुकेना. सगुणने कशालाच हात लावला नाही. दुपारी ताटाशी बसला आणि गुरासारखं तोंड घालून जेवला.

त्याची बायको शेवंती. शहाणी बाई. घरी बसून लाकडाची फळं रंगवायची, त्यावर संसार चालायचा. तिचा भाऊ वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात मुकादम होता. तो सारखा सांगायचा, भावोजींना माझ्याकडे पाठव. शेवंती टाळायची. तिथे यंत्रं होती. फिरत्या यंत्रापुढे नवऱ्याला उभं करायचं आणि कुणीतरी त्याला काहीतरी सांगायचं, हा विचारच तिला नको वाटायचा. पण आता गावात दुसरं काम उरलं नव्हतं. उरले होते फक्त दळवीसाहेब.

दळवी म्हणजे बोटीवरचे निवृत्त इंजिनियर. एकटे राहायचे. त्यांना एक नाद होता. माजघरात त्यांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल टाकलं होतं. त्यावर डोंगर, नदी, झाडं, आणि बोटाएवढे शिशाचे शिपाई. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं, शिपाई पुढे सरकवायचे, आणि जुनी युद्धं पुन्हा लढायची. कोल्हापूरचे निंबाळकर हे त्यांचे जोडीदार. गुरांचे डॉक्टर, अंगाने काटकुळे, बोलायला तिखट. दरवर्षी निंबाळकर यायचे आणि दळवींचा किल्ला घ्यायचे. दळवींनी दगडी किल्ला बांधला, तो पडला. पाण्यातला बांधला, तोही पडला. आजवर दळवींचा एकही किल्ला संध्याकाळचा चहा बघू शकला नव्हता.

या वर्षी दळवींनी वेगळं काही करायचं ठरवलं. त्यांनी सगुणला बोलावलं आणि एक जुनं चित्र दाखवलं.

"हे इरोक्वा लोकांचं गाव," ते म्हणाले.

सगुणने विचारलं, "कुठल्या तालुक्यात?"

"अमेरिकेत."

"म्हणजे गाडी बदलावी लागणार," सगुण म्हणाला.

दळवींनी ते सोडून दिलं आणि समजावून सांगितलं. तिथल्या जंगलात ही माणसं राहत. मका, घेवडा, भोपळा पिकवत. एका लांबलचक घरात कितीतरी कुटुंबं नांदत, मधून ओळीने चुली. स्वतःला ते लांब घराची माणसंच म्हणवत. आणि गावाभोवती उंच खुंटांचं कुंपण. एकामागे एक तीन रांगा, खुंटांना वरून टोक, मधून साल आणि फांद्या विणलेल्या. दार म्हणावं असं दार नाही. कुंपणाची दोन टोकं एकमेकांपुढून गेलेली आणि त्यांच्यामधून एक अरुंद वाट. शत्रू आला तर एकेकानेच यायचं, आणि वरून दगड खायचे. त्यांच्यावर फ्रान्सची फौज चालून आली होती. निंबाळकर ती फौज घेऊन येणार होते. दळवी गाव राखणार होते.

सगुणने हे घरी जाऊन सांगितलं. त्या लोकांत घरं बायकांची असत, असंही दळवींनी सांगितलं होतं. शेवंतीने आंब्याला तांबडा हात देता देता मान हलवली. शहाणी माणसं, म्हणाली. मग म्हणाली, "हे काम नीट करा. हे गेलं तर वेंगुर्लं."

सगुणने खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली. काही लक्षात ठेवायचं असलं की तो गाठ मारायचा. हे काम नीट करायचं, ही पहिली गाठ.

दुसऱ्या दिवशी दळवी बाजाराला निघाले होते. जाता जाता सांगून गेले, कुंपण माणसाच्या तिप्पट उंच हवं.

सगुणने दोरी घेतली. पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत स्वतःला मोजलं. तशी तीन मापं दोरीवर एकापुढे एक घेतली. मग शेजारच्या बागेत गेला. तिथे वादळात पडलेल्या पोफळी होत्या, त्या मागून घेतल्या. दोरीप्रमाणे तोडल्या, एकेकीला टोक काढलं आणि वाहून आणल्या. दळवी आले तेव्हा त्यांच्या खळ्यात पोफळींचा डोंगर होता आणि सगुण पहिला खड्डा खणत होता. कमरेएवढा खणून झाला होता.

"हे काय?" दळवींनी विचारलं.

"कुंपण. माणसाच्या तिप्पट."

दळवींनी त्याला हाताला धरून आत नेलं आणि टेबलावरचा एक शिपाई त्याच्या तळहातावर ठेवला. सांगितलं की इथला माणूस म्हणजे हा, बोटाएवढा. या घरात माणूस म्हटलं की बोटभर धरायचा.

सगुणने शिपायाकडे नीट पाहिलं. मग पंच्याला गाठ मारली. पोफळी शेजारच्यांच्या लग्नाच्या मांडवाला गेल्या, आणि तो मांडव गावात सर्वांत टोकदार ठरला.

आता मात्र काम सरळ लागलं. सगुणने माडाचे हीर घेतले, ज्यांचे झाडू करतात ते. सारखे कापले, तासले, टोकं काढली. चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केले. फणसाच्या सालीचे पदर सोलून ते खुंटांमधून विणले. एक बाजू उभी राहिली तेव्हा दळवी चष्मा काढून, डोळा टेबलाला लावून बघत राहिले. तिथून बघितलं की खरंच गाव वाटायचं. वाटायचं की आता आतून कुणीतरी धान्य कांडायला लागेल. दळवींनी शाबासकी दिली. सगुणला शाबासकीची सवय नव्हती. त्याने तीही गाठ मारून ठेवली.

मग दळवी म्हणाले की उद्या दुपारी माझे बोटीवरचे जुने सोबती येणार आहेत. मला यायला उशीर होईल. तू भात आणि माशाची कढी करून ठेव. दोन माणसांपुरती.

सगुणने गाठ चाचपली. माणूस म्हणजे बोटभर.

दोघे सोबती आले. एकेक जण दाराच्या चौकटीएवढा. आगगाडीने आलेले, उपाशी. सगुणने त्यांना पाटावर बसवलं आणि देवापुढच्या दोन निरांजनांत भात वाढला. दुसऱ्या दोन निरांजनांत कढी. कढीत एकाच मांदेलीचे दोन तुकडे, एकाला डोकं, एकाला शेपूट. दोघांना आधी वाटलं की हा नैवेद्य आहे. हात जोडून वाट बघत बसले. बराच वेळ बसले. मग एकाने विचारलं, जेवण कधी? सगुण म्हणाला, हेच. आणि लागलं तर मागा, अर्धं शीत अजून आहे.

दळवी आले ते सोबत्यांना घेऊन खानावळीत गेले. परत आल्यावर त्यांनी सगुणला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. सांगितलं की कमी पडणं ही घराची अब्रू जाण्यासारखी गोष्ट आहे. कुठेही काही घालायचं झालं तर हात आखडू नये. भरून वाहायला लागेल तेव्हा थांबावं.

सगुणला ते पटलं. त्याने गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी खुंटांच्या तिन्ही रांगा पाटावर पक्क्या बसवायच्या होत्या. दळवींनी सरस तापवायला सांगितला, आणि रांगांच्या बुंध्याशी घाल म्हणाले. सगुणने घातला. हात आखडला नाही. सरस बुंध्याशी भरला, मग गावाच्या चौकात भरला, मग लांब घरांच्या उंबऱ्यांवरून आत गेला. सगुण वाट बघत होता. सरस पाटाच्या कडेवरून वाहायला लागला तेव्हा तो थांबला. तेवढ्यात दळवी आले, आणि आपलं गाव बुडालेलं बघून त्यांनी आधाराला टेबलावर हात टेकला.

तो हात जेवणाच्या वेळेपर्यंत तिथेच होता. शेवंतीने येऊन गरम पाण्याने सोडवला. तिने तोंडाला पदर लावला होता. दळवींना वाटलं ती रडते आहे.

हात सुटल्यावर दळवींनी शिकवलं. "सरस असा नाही. एक थेंब टाकायचा. फुंकर घालायची. मग दुसरा थेंब."

सगुणने गाठ मारली. मग त्याने सगळं गाव खरवडून काढलं आणि पुन्हा मांडलं. थेंब, फुंकर. थेंब, फुंकर. पहिल्यापेक्षा छान झालं. जे सगुणला सांगता येत नव्हतं ते त्याच्या हाताला कळत होतं. कुंपणाची ती अरुंद वाट त्याने अशी वळवली की मुंगीलाही आत शिरताना विचार करावा लागेल.

गावाबाहेर गवत हवं होतं. सगुणने लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवला आणि लवकर वाळावा म्हणून खळ्यातल्या चुलीजवळ पसरला. दळवी तिथेच आपल्या आरामखुर्चीत पेपर वाचत होते. वाचता वाचता उठून आत गेले. चुलीतून एक ठिणगी उडाली. भुशाने पेट घेतला आणि भुशावरून आग आरामखुर्चीच्या कापडावर गेली.

सगुणने ते पाहिलं. तो धावत विहिरीवर गेला आणि ओंजळ भरून आणली. खुर्चीवर एक थेंब टाकला आणि फुंकर घातली. आग वाढली. त्याने दुसरा थेंब टाकला आणि जोरात फुंकर घातली. दळवी बाहेर आले तेव्हा खुर्चीचे फक्त चार पाय उरले होते, आणि सगुणचे गाल फुंकून फुंकून लाल झाले होते.

त्या खुर्चीवर दळवींचे वडील बसत. दळवींनी चारही पाय राखेतून उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाले की आग म्हटलं की थेंब नाही, फुंकर नाही, विचारसुद्धा नाही. घागर उचलायची आणि ओतायची.

सगुणने गाठ मारली. घरी जाऊन शेवंतीला म्हणाला की साहेबांची खुर्ची माझ्यामुळे गेली. त्या दिवशी तो जेवला नाही. शेवंतीने त्याच्या पंच्याकडे पाहिलं. तो आता पंचा राहिला नव्हता, गाठींची माळ झाली होती. तिने ठरवलं की एवढा खेळ होऊ दे, मग भावाला निरोप पाठवायचा. यंत्राजवळ उभं करू नकोस म्हणून त्याच्या पायावर डोकं ठेवून सांगायचं.

खेळाच्या आदल्या दिवशी सकाळी निंबाळकरांचा फोन आला. कुंपण लाकडाचं आहे असं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, येताना केरसुणी घेऊन येतो, तुमचं गाव झाडून काढायला बरं पडेल. आणि हसत सुटले. दळवी ओठ दाबून ऐकत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"निंबाळकर," ते म्हणाले, "तुमचं बोलणं ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे."

सगुण दाराशी हीर तासत होता. त्याने हीर खाली ठेवले. परसात गेला, भरलेली घागर उचलली, आला, आणि साहेबांच्या मस्तकावर ओतली. आग तळपायापासून निघाली होती म्हणून दुसरी घागर आणून तळपायांवर ओतली.

फोन बंद पडला. निंबाळकरांनी तिकडे फक्त धबधबा ऐकला आणि मग काहीच नाही.

दळवींच्या मिशीतून पाणी गळत होतं. त्यांनी टॉवेल मागितला, डोकं पुसलं, आणि फार हळू आवाजात सांगितलं की सगुण, माणसं बोलतात ते सगळं तसंच नसतं. ऐकलं की लगेच खरं धरायचं नाही.

सगुणला हा धडा अवघड वाटला. त्याने दोन गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी दळवी मासळी आणायला बंदरावर गेले होते. ऊन चढलं होतं. निंबाळकर ठरल्या वेळेच्या आधीच आले. एका हातात शिपायांची पेटी, दुसऱ्या हातात खरोखरच केरसुणी. सगुण दारात उभा होता.

"मी निंबाळकर," ते म्हणाले. "कोल्हापूरहून आलोय."

"असं बोलतात माणसं," सगुण म्हणाला.

निंबाळकरांनी सांगितलं की ते दळवींचे मित्र आहेत. सगुण म्हणाला, असेलही. त्यांनी सांगितलं की दळवींनीच बोलावलंय. सगुण म्हणाला, लगेच खरं धरायचं नाही असं साहेबांनीच सांगितलंय. मग निंबाळकर म्हणाले की ऊन फार आहे, घसा सुकलाय. सगुणने आकाशाकडे पाहिलं. ऊन होतं. पण तेवढ्यावरून घशाचं कसं मानायचं? निंबाळकर केरसुणी डोक्यावर धरून खळ्याच्या दगडी गडग्यावर बसून राहिले. गुरांच्या डॉक्टरकीत त्यांनी बरेच हट्टी प्राणी पाहिले होते. असा नव्हता पाहिला.

दळवी मासळी घेऊन आले आणि दुरूनच धावत सुटले. निंबाळकरांना आत नेलं, पंखा लावला, कोकम सरबत दिलं. मग सगुणला मागच्या पडवीत नेलं. या खेपेला त्यांच्या आवाजात काकुळती होती.

"सगुण, लांबून आलेल्याला बाहेर ताटकळत ठेवायचं नसतं. आत घ्यायचं, बसवायचं, खायला-प्यायला द्यायचं. कोण, कुठला, कशाला आला, हे मागाहून."

सगुणला वाईट वाटलं. एवढा साधा धडा आपल्याला आधी कसा कळला नाही, असं त्याला झालं. पंच्याला जागा उरली नव्हती, म्हणून त्याने धोतराच्या सोग्याला गाठ मारली.

खेळ सुरू झाला. निंबाळकरांनी कुंपण पाहिलं आणि केरसुणी मुकाट्याने कोपऱ्यात ठेवली. फौज जंगलातून बाहेर काढली. फासे पडले. दळवींनी वरून दगड टाकले, फ्रान्सचे काही शिपाई आडवे झाले. अरुंद वाटेशी फौज अडकली. एकेकानेच यायचं आणि येईल त्याने पडायचं. निंबाळकर मान खाली घालून विचार करायला लागले. दळवींनी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले. या वेळी गाव टिकणार होतं.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. माडावरचे नारळ उतरवणारा पाडेली आला होता. पाडेली मिळणं म्हणजे किती कठीण, हे माड असलेल्यालाच विचारा. कित्येक दिवस दळवी त्याच्या मागे होते. आता परत पाठवला तर पुन्हा दिसला नसता. पण डाव दळवींचा होता, आणि खुर्ची रिकामी सोडायची नाही हा त्या दोघांचा जुना नियम. दळवींनी सगुणला आपल्या खुर्चीत बसवलं. म्हणाले, माझ्या जागी बस, आलोच.

सगुण बसला. समोर निंबाळकर. मधे गाव. गावाबाहेर उन्हात फौज उभी.

सगुण बराच वेळ फौजेकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "ही माणसं कुठची?"

"फ्रान्सची," निंबाळकर म्हणाले.

"लांब आहे?"

"समुद्रापलीकडे."

"मग कधीची निघाली असतील."

"महिने झाले," निंबाळकर म्हणाले. त्यांना संधीचा वास आला होता. ते अगदी हळू बोलत होते, बुजऱ्या वासराजवळ जावं तसे. "बोटीत हाल झाले बिचाऱ्यांचे. जेवायलाही धड मिळालं नाही."

सगुण उठला. त्याने पहिल्या शिपायाला दोन बोटांत धरलं आणि त्या अरुंद वाटेने, कुठे टोक लागू न देता, आत नेलं. मग दुसऱ्याला. मग सगळ्यांना. जे आडवे पडले होते त्यांना उठवून, झटकून आत नेलं. लांब घरांची छपरं उचलली, एकेका चुलीपाशी फ्रान्सची माणसं बसवली. माणूस म्हणजे बोटभर हे त्याला ठाऊक होतंच, म्हणून स्वयंपाकघरातून भात आणून प्रत्येकासमोर एकेक शीत ठेवलं. जागा पुरेना. तेव्हा लग्नघरात करतात तसं केलं. घरच्या माणसांना बाहेर काढलं आणि इरोक्वांना कुंपणाच्या बाहेर ओळीने निजवलं.

निंबाळकरांनी बोटही उचललं नाही. फक्त रुमालात तोंड घातलं.

दळवी आले. दोन्ही हातांत शहाळी होती. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. शहाळी खाली ठेवली. पुन्हा पाहिलं.

"दळवी," निंबाळकर म्हणाले, "गाव पडलं. एक गोळी झाडली नाही आम्ही. उलट जेवतोय."

दळवी भिंतीला टेकले. त्यांचा रागही संपला होता. सगुण त्यांच्याकडे बघत उभा होता, आता तरी जमलं का, अशा डोळ्यांनी.

"सगुण," दळवी म्हणाले, "हे पाहुणे नव्हते. शत्रू होते."

सगुणचा चेहरा पडला. पाहुणा आणि शत्रू यातला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याने विचारलं की शत्रू आत आला असेल तर काय करायचं असतं?

"उचलायचा आणि बाहेर ठेवायचा," दळवी म्हणाले. "आणि दार असं लावायचं की पुन्हा उघडायचं नाव नको."

"यांच्यातला मुख्य कोण?"

दळवींनी न बघताच हात केला. "हे काय, समोर बसलेत."

सगुणने सोग्याला शेवटची गाठ मारली. मग टेबलाला वळसा घालून गेला आणि निंबाळकरांना खुर्चीसकट उचललं. निंबाळकर अंगाने काटकुळे, आणि सगुण पोफळी वाहणारा. निंबाळकरांचा रुमाल अजून तोंडाशी होता. सगुणने त्यांना ओटीवरून खाली नेलं, खळ्यात सावली बघून ठेवलं, आत आला, दार लावलं, अडसर घातला. मग हातोडी घेतली आणि दाराला चौकटीत खिळे मारले. मोठे. एकाखाली एक. मग घरातूनच मागे धावत गेला आणि परसाकडच्या दारालाही आतून मारले. दळवी भिंतीला टेकून फक्त आवाज ऐकत होते.  

थोड्या वेळाने खिडकीच्या गजांमागे निंबाळकर दिसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अहो दळवी," ते म्हणाले, "दगडी किल्ल्यात शिरलो, पाण्यातल्या किल्ल्यात शिरलो. तुमच्या गावातून बाहेर फेकला गेलो तो आज पहिल्यांदा. हे गाव काही मला घेता यायचं नाही. तुम्ही जिंकलात."

दळवींनी वर पाहिलं. ते वाक्य ऐकायची वाट बघता बघता ते म्हातारे झाले होते. मग तेही हसायला लागले. हसता हसता म्हणाले की सगुण आता या घरातून कुठे जायचा नाही, पुढच्या वर्षीचं गाव आणि त्याच्या पुढच्या वर्षीचंही तोच करणार.

सगुणला यातलं फारसं कळलं नाही. तो एका गोष्टीत अडकला होता. शत्रू बाहेर ठेवायचा, हे बरोबर. पण हा शत्रू लांबून आला होता. त्याने तांब्या भरला आणि खिडकीच्या गजांतून बाहेर दिला.

शेवंती डबा घेऊन आली तेव्हा कोल्हापूरचे पाहुणे खळ्यात खुर्ची टाकून पाणी पीत बसले होते. तिने विचारलं, बाहेर का बसलात? निंबाळकर म्हणाले, मी शत्रू आहे. शेवंतीने दाराकडे पाहिलं. दाराच्या कडेने आतून बाहेर आलेल्या खिळ्यांच्या टोकांची रांग होती, सारख्या अंतराने, सुबक. हात कुणाचा ते विचारायला नको होतं. दळवींनी आतून तिला सगुणचं काम कायमचं झाल्याचं सांगितलं. तिने डबा गडग्यावर ठेवला, तोंडाला पदर लावला. या वेळी मात्र ती खरंच रडत होती, थोडंसं.

मग तिने डोळे पुसले आणि व्यवहाराचं विचारलं. आता बाहेर कसे येणार? एवढे खिळे कोण काढणार?

"त्यात काय," दळवी म्हणाले, "सगुणला सांगतो."

आणि थांबले. खिडकीबाहेर निंबाळकरही हसायचे थांबले. शेवंतीने पटकन हात वर केला, की अजून काही बोलू नका.

दळवींनी मनात एक वाक्य जुळवलं आणि टाकून दिलं. निंबाळकरांनी एक सुचवलं. शेवंती म्हणाली, नको, त्यात घर जाईल. तिघेही विचार करत राहिले, एक आत, दोघे बाहेर. माडावरून पाडेली खाली उतरला, तोही येऊन उभा राहिला.

सगुण हातोडी घेऊन दारापाशी उभा होता. सांगाल ते करायला तयार.